दार लागेपर्यंत

ऑफिसला जाताना ग्वारीघाटच्या रस्त्यावरच्या गॅरेजात एक म्हातारे सुतार रोज दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. एका फार जुन्या मोटारीच्या पत्र्याखालचं कुजलेलं लाकूड ते बदलत होते. दाराच्या खांबासाठी जुन्या सागवानाचा एकच तुकडा मिळाला होता. तो कापताना चुकला, तर दुसरा नव्हता.

कुजका खांब ते पायाशी ठेवत. अंगठ्यानं त्याचा बाक चाचपत आणि मग नव्या लाकडावर रंध्याचा एक हात मारत.

शेजारची चहावाली रोज म्हणे, "काका, ते सडकं लाकूड द्या ना चुलीला. काहून सांभाळून राहिले?"

"दार लागू दे, मग ने."

नव्या खांबालाही तोच बाक का, असं मी एकदा विचारलं.

"सारी गाडीच वाकून बसली, भैया. हा एकटा सरळ केला तर दार कशात लागन? तुम्ही किती शिकले?"

"एम.कॉम. आमच्या घरात पहिलाच." हे मी अभिमानानं सांगतो, तेव्हाही सांगितलं.

"अच्छा. मग हे टोक धरा."

मी घट्ट धरलं.

शनिवारी खांब बसला. त्यांनी दार एका बोटानं ढकललं. ते टक करून लागलं. उघडून पुन्हा ढकललं, पुन्हा लागलं. मग वाकून त्यांनी कुजका खांब उचलला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि चहावालीला हाक मारली.

"घे बाई. पहिला चहा या एम.कॉम.ला दे, टोक धरलं यानं."

चहा जरा धुरकट होता. मी पूर्ण प्यालो.