ताठ उभी राहिलेली साळ

वडीगोद्रीकडं निजामाच्या काळात भात म्हणजे आजाऱ्याचं आणि जावयाचं अन्न. बाकी सगळे भाकरीवाले. तरी बहिणीची सोयरीक ठरवताना वडलांनी छाती काढून सांगून टाकलं, की लग्नाच्या पंगतीला भात आमच्या रानातला. व्याही आमच्याच जातभाईंतले, पण दोन पिढ्या तेलंगणात भातशेतीत मुरलेले. ते नुसतं ‘बघू’ म्हणाले. त्या ‘बघू’चा घोर मला लग्न लागेपर्यंत पुरला.

विहिरीखालच्या पाणथळ तुकड्यात साळ पेरायची ठरली. पण आमची डोकी पडली शाळू ज्वारीची. शाळू भादव्यात पेरतात आणि थंडीनं त्याचा दाणा मोत्यासारखा भरतो. मंग साळीचं काय वेगळं असणार? तीही भादव्यात पेरली. मी तर गावभर सांगत सुटलो, की आमच्या भाताचं एक शीत उचलायला चार गडी लागतील.

मार्गशीर्षात साळ निसवायला लागली आणि थंडी पडली. कसली थंडी! सकाळी हंबरलेल्या बैलाचा आवाज गोठून तोंडाशीच राहायचा आणि ऊन तापल्यावर गोठ्यात कुणी नसताना ऐकू यायचा. लोंब्या बाहेर आल्या त्या नाक्यावरच्या शिपायासारख्या ताठ. सगळं रान ताठ. आम्ही खूश. ज्वारीचं भरलेलं कणीस ताठच उभं असतं की.

पौषात व्याही रान बघायला आले. वडलांनी राजासारखा हात फिरवून पीक दाखवलं. व्याह्यांनी एक लोंबी तोडली, दाणा नखानं दाबला. नुसतं टरफल. दुसरा दाबला, तेच. बहीण बांधावर भाकरी घेऊन आल्ती. तिला डोक्यावरची दुरडी उतरवायचं भान राह्यलं न्हाई. सोयरीक मोडते आता, एवढंच माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

“पाव्हणं, साळ भरली की वाकती,” व्याही हळूच म्हणाले. “फुलोऱ्यात गारठली की दाणा धरत न्हाई. ही सगळी फोल हाय.”

वडलांची मान मात्र त्या लोंब्यांसारखी ताठ राह्यली न्हाई.

व्याही बांधानं पुढं चालत गेले. आम्ही मागं, मयताला निघाल्यागत. मोटेचं पाणी जिथं वाफ्यात पडायचं तिथं ते थांबले. तिथं घोंगडीएवढ्या जागेत साळ वाकली होती. त्यांनी पाटात हात बुडवला. थंडीच्या दिवसांत विहिरीचं पाणी कोमट असतं, तेवढ्या उबेनं तेवढीच साळ तगलेली.

“एवढी जपून कापा,” ते म्हणाले. “अक्षतेला पुरंल. पंगतीला भाकरीच घाला.”

वडील ‘बराबर’ म्हणाले, पण मला धीर आला न्हाई. माणूस रानात एक बोलतो, मांडवात दुसरं. त्या घोंगडीएवढ्या साळीला मी असा पहारा दिला, की चिमण्या पार अंबडला वळसा घालून जायच्या. कांडताना मुसळ मी कुणाच्या हाती दिलं न्हाई. अक्षतेचा दाणा तुटका चालत न्हाई.

माघात लग्न लागताना व्याह्यांनी मुठीतल्या अक्षता उजेडात धरून न्याहाळल्या. मंगलाष्टकं चाललेली, लोकांचे हात वर, आणि मी त्यांच्या मुठीकडं बघत उभा. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला, कट्‌कन मोडला.

मंग उरलेल्या मुठीसकट हात वर केला आणि अक्षता बहिणीच्या डोक्यावर उधळल्या.