नकाशेबाई आणि मागचं दार

नकाशेबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पदर खोचून जमिनीवर आडव्या व्हायच्या. चांगल्या शिकल्यासवरल्या, पुण्याच्या आर्किटेक्ट. पण पाय कुठवर पोचतात, चुलीचा धूर कुठं जातो, पत्र्यातून ऊन किती येतं, सगळं निजून बघायच्या. "घर उभ्यानं कळत नाही गं," म्हणायच्या. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. हसू नाही तर काय करू? आमच्या झोपडीत आजवर कुणी साहेब वाकूनसुद्धा आला नव्हता.

परभणी तेव्हा रुळांपलीकडं नुसती पसरत चालली होती. खेड्यांतून रोज कुणी ना कुणी बिऱ्हाड घेऊन यायचं. आम्ही पालमकडचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावातली आमची वस्ती पेटवली, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो ते थेट इथं. या वस्तीसाठी पक्की घरं बांधायचं ठरलं, आणि माणसं राहतात कशी याचा अभ्यास करून आराखडा द्यायला बाई आल्या होत्या. कामात भारी चिवट. एकच प्रश्न घरोघरी विचारायच्या आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायच्या.

आराखडा झाला तेव्हा त्यांनी कागद उलगडला नाही. आमच्या दारात काडीपेट्या मांडल्या. एक पेटी म्हणजे एक घर. पाठीला पाठ लावून दोन ओळी, पुढं पोरांना खेळायला मोकळं अंगण. छानच होतं. आई मात्र एक पेटी उचलून फिरवून फिरवून बघत राहिली.

"बाई, मागचं दार कुठंय?"

पाठीला पाठ म्हटल्यावर मागं दार निघत नाही, बाईंनी समजावलं; भिंत वाचते, अंगण मोठं मिळतं. आईनं पेटी खाली ठेवली.

"आमच्या पुढच्या दाराला त्यांनी बाहेरून कडी घातली व्हती. मागनं निघालो म्हणून ही लेकरं हायत. एका दाराच्या घरात मी न्हाई निजायची."

बाईंचा चेहरा उतरला. काडीपेट्या गोळा करून त्या निघून गेल्या.

मग त्यांनी कचेरीचे उंबरे झिजवले. साहेब म्हणायचे, दोन दोन दारं कशाला, हवेली आहे का? बाई चिडायच्या नाहीत, पण हटायच्याही नाहीत. शेवटी अंगण अर्ध्यावर आलं, मागं चिंचोळी गल्ली निघाली, आणि प्रत्येक घराला मागचं दार मिळालं. राहायला गेलो त्या दिवसापासून आई त्या दाराशीच अंथरूण टाकायची, कडी हाताला लागेल असं.

बाई शेवटच्या आल्या त्या नामांतर झाल्यावर. दुखण्यानं पार वाळल्या होत्या. तरी सवयीनं जमिनीवर आडव्या झाल्याच. या वेळी कुणी हसलं नाही. मला तर रडू आवरेना. मागच्या दाराशी अंथरूण नाही हे त्यांनी पडल्यापडल्या हेरलं. आईनं सांगितलं, आता वाऱ्याला पुढं अंगणात निजते. बाईंनी त्या दाराकडं हात केला.

"मग बुजवून घ्यायचं का मावशी ते? भांड्यांना मांडणी होईल."

आईनं त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली.

"न्हाई बाई. ते हाय म्हणून तर पुढं झोप लागायलीय."