आमच्या घरात शिक्षा नाही

सिंधू साळवे भोपाळला आली तेव्हा तिची हिंदी एवढीच होती, की भाजीवाल्याने लुबाडलं तर कळावं, पण भांडता येऊ नये. नवरा उदय मोठ्या कारखान्यात फिटर. टाउनशिपमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात जांभळाचं झाड. माहेर नगर जिल्ह्यातलं. बाप खेड्यातल्या मिशनशाळेत मास्तर, आणि मास्तर तरी कसा? गणितसुद्धा शास्त्रातून, म्हणजे बायबलातून शिकवणारा. पाच भाकरी, दोन मासे, जेवणारे पाच हजार, तर एकाच्या वाट्याला किती? पोरं पाटीवर भागाकार करून घामाघूम व्हायची. मग म्हातारा मिश्यांवर हात फिरवत म्हणायचा, "लेकांनो, उत्तर एकच. पोटभर!"

ही माहेरची विद्या सिंधूने भोपाळात बाहेर काढली खरी, पण हौसेने नव्हे. थोरली लेक वंदना अडखळत बोलायची. पहिलं अक्षर ओठांच्या दाराशी येऊन बसायचं, बाहेर म्हणून पडायचं नाही. वर्गातली पोरं तिला 'हकली' म्हणत. एके दिवशी बाईंनी तिला बाकावर उभं केलं. एक ओळ न अडखळता म्हटल्याशिवाय खाली उतरायचं नाही, अशी शिक्षा. सिंधू न्यायला गेली तर शाळा सुटून गेलेली, वर्गात झाडूवाली केर काढतेय आणि ही बाकावर उभी, ओठ गच्च मिटून.

"शिक्षा करायला माझी लेक काय चोर आहे?" घरी येऊन सिंधू कडाडली. "उद्यापासून ती घरी शिकेल."

"घरी शिकवून कलेक्टर करणारेस का तिला?" उदय म्हणाला.

"बोलती करीन. तेवढं पुरे."

उदय तसा मऊ माणूस, पण चारचौघांच्या बोलण्याला भिणारा. त्याने अट घातली. "पाचवीला मात्र शाळा. इथे पाचवीत घेतलं तर उत्तम. नाहीतर नगरकडे, वैजयंतीआक्काच्या बोर्डिंगात." वैजयंतीआक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, मुलींच्या बोर्डिंगाची मेट्रन. तिच्या चपलेचा आणि छडीचा नुसता आवाज आला तरी तिथली मांजरंसुद्धा रांगेत उभी राहत, असं खुद्द उदयच सांगायचा आणि हसायचा. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

उदय ड्यूटीवर गेला की चटई पडायची. चटईवर वंदना आणि धाकटा अनंत. आधी प्रार्थना, आणि प्रार्थना सिंधूच्या घरची, साधी: "देवबापा, भाकर दिलीस, आता शब्द दे." एकदा सिंधूच्या ध्यानात आलं की लेक गाताना अडखळत नाही. झालं! मग सगळंच ओवीच्या चालीवर. पाढे ओवीत, नद्या ओवीत, पौलाचा प्रवास ओवीत. नोहाच्या तारवाची लांबी पोरांनी अंगणात हाताने मोजायला घेतली, तर तारू शेजारच्या मालतीताईंच्या स्वयंपाकघरात शिरलं. मालतीताई इंदूरच्या. म्हणाल्या, "अहो, शिरू द्या की. तुमच्या जनावरांना पोहे देते मी!"

आणि भोपाळचा मोठा तलाव म्हणजे येशू ज्याच्या पाण्यावरून चालला तो गालीलचा समुद्र. एका रविवारी उपासनेहून येताना अनंत काठावर जाऊन उभा. म्हणतो, "आई, मी चालून बघू पाण्यावरनं?" सिंधू धावणार, तोच वंदनाने त्याचा सदरा मागून धरला आणि म्हणाली, "बुडशील ना, वेड्या!" गाण्यात नव्हे, साध्या बोलण्यात, एका दमात. सिंधू तिथेच रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभी राहिली. टांगेवाला ओरडला, "बहनजी, सोना है तो घर जाओ!"

अशी दोन वर्षं गेली. वंदनाची चौथीची सगळी पुस्तकं झाली, वर शास्त्र निम्मं तोंडपाठ. पाचवीसाठी, आणि अनंतचं नाव पहिलीत घालायला, सिंधू तिला घेऊन नव्या शाळेत गेली. उदयची सकाळपाळी होती, म्हणून एकटीच. हेडमास्तर नीटनेटके, वाईट मुळीच नव्हेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि विचारलं, "घर पर बच्ची को शिक्षा कौन देता है?"

सिंधूच्या डोळ्यांपुढे तो बाक आला.

"शिक्षा? नहीं जी!" ती म्हणाली. "हमारे घर में शिक्षा बिल्कुल नहीं!"

"बिल्कुल नहीं?"

"कभी नहीं. इसके बाप को भी नहीं देने देती."

"दो साल में एक दिन भी नहीं?"

"देवबाप साक्षी है! हम तो सुबह-शाम प्रार्थना करते."

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विचार करके बताएँगे," म्हणाले. सिंधूला वाटलं, माणूस हेलावला. येताना तिने जिलबी घेतली.

मालतीताईंना जिलबी देताना तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. मालतीताई आधी पोट धरून हसल्या. मग हसणं मधेच तुटलं.

"अहो सिंधूबाई, हे काय करून बसलात! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हो! आपल्या शिक्षेला ते सज़ा म्हणतात. घरात काहीच शिकवत नाही असं सांगून आलात तुम्ही. देवाची साक्ष काढून!"

सिंधूच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघी वंदनाला घेऊन शाळेत गेल्या. मालतीताईंनी खणखणीत हिंदीत सगळा उलगडा केला. हेडमास्तर हसले. "शिक्षा माने सज़ा? यह कौन-सी भाषा है, बहनजी?" मग सिंधूकडे वळले. "कल आपने ईश्वर को साक्षी रखकर कहा कि नहीं पढ़ाया. आज कहती हैं पढ़ाया. आपकी कौन-सी बात मानूँ?"

जन्मात खोटं न बोललेली बाई. तिने मालतीताईंकडे पाहिलं.

"चलो, बच्ची ही बताए. नाम क्या है, बेटी?"

वंदनाने तोंड उघडलं. व ओठांशी आला आणि तिथेच थांबला. मानेच्या शिरा फुगल्या. "गाऊन सांग, बाळा," सिंधू कुजबुजली. पण आपलं नाव काय कुणी ओवीत सांगतं? पोर खाली बघत राहिली.

"पहली में बिठा दीजिए," हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले. "छोटे भाई के साथ. दया से कह रहा हूँ."

उदयने ऐकलं आणि तो बुटाची नाडी सोडत बसला. "दहा वर्षांची पोर पहिलीत? कारखान्यात शॉपमधल्या लोकांना मी काय सांगू?"

"अहो, अजून एक वर्ष माझ्याकडे राहू द्या."

"अट तूच मान्य केली होतीस, सिंधू."

जूनमध्ये वंदना नगरला गेली. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत एकेक वचन प्रत्येकाने म्हणायचं, अशी साळव्यांची रीत. उदयचं झालं की वंदनाची पाळी. अनंत त्या जागी थांबायचा, वाट बघायचा. सिंधूच त्याला म्हणायची, "म्हण रे पुढचं." देवबापाला तिने पुष्कळ विचारलं, की तुझी साक्ष मी खरीच काढली होती ना? मग माझ्या तोंडचं खोटं कसं झालं? गुडघे दुखेपर्यंत विचारलं. मालतीताई कधी दाराशी येत, तिला तशी बसलेली बघत आणि चहा ओट्यावर ठेवून निघून जात.

मे महिन्यात वंदना सुट्टीला आली. वेण्या घट्ट, नखं कापलेली, फ्रॉकच्या घड्या मोडलेल्या नाहीत. उदय खूश झाला. "बघ, कशी शिस्त लागली!" खरंच, अडखळणंही कमी झालेलं, कारण बोलणंच कमी झालेलं. सिंधूने पोळ्या लाटताना मुद्दाम पाढ्यांची ओवी धरली. लेक म्हणाली, "आक्कांना गाणं आवडत नाही."

संध्याकाळी चौघं चटईवर बसली. उदयचं वचन झालं. वंदनाने हात जोडून सुरुवात केली, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा. अर्ध्यावर एक शब्द अडला. सिंधूने तो ओठांतल्या ओठांत सुरात धरला, पण पोरीने आईकडे पाहिलंच नाही. तिने डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला, तळवा वर करून.

अनंतला वाटलं, ताई काही मागतेय. त्याने आपलं बिस्किट तिच्या तळव्यावर ठेवलं.

"आमेन," उदय घाईघाईने म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

वंदनानेही आमेन म्हटलं. बिस्किट खाल्लं नाही. हात तसाच पुढे, आता खाली घे असं कुणी म्हणेपर्यंत. आणि ते म्हणावं लागलं सिंधूलाच.