ओळीच्या शेवटी

"तिला ऱ्हाऊ द्या वहिनी, तिला काय कळतंय त्यातलं?"

मागे बसलेली बाई हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं. तबक घेतलेल्या काकूंनी मला हळदीकुंकू लावलं आणि ताईला ओलांडून त्या पुढच्या बाईकडे वळल्या. ताई कपाळ पुढे करून, डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. डॉक्टरांनी तिच्या कागदावर 'डाउन सिंड्रोम' असं लिहिलं होतं. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच, म्हणून तो कागद माझ्या कपाटात असायचा. कॉलनीतल्या बायका तिला नुसतं 'ती' म्हणत.

त्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. दंगल होईल म्हणून नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. चिकलठाण्याहून बाबांच्या कंपनीची बस येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसायचा. "हळदीकुंकवाला तू एकटीच जाऊन ये," ती म्हणाली. "तिथं ताईला कुणी काही बोललं तर तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही." पण ताई चपला घालून दारात उभी होती. आधीची दोन वर्षं मी एकटी गेले होते, आणि घरी येऊन आमच्याच करंड्यातलं कुंकू तिला लावत 'काकूंनी दिलंय' असं सांगितलं होतं. या वर्षी तिला ते काकूंच्याच हातून हवं होतं.

ताई उठली आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसली. मला लगेच कळलं. टँकरच्या रांगेत नंबर हुकला की मागे जाऊन उभं राहायचं, हे आईनेच तिला शिकवलं होतं.

"कशी फिरायली बघा!" कुणीतरी हसलं.

नव्या बायका आल्या. काकूंनी पुन्हा तबक उचललं. मी मनात वाक्य जुळवू लागले. आधी इंग्रजीत जुळलं, मग मराठीत तुटलं. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकलं की या बायका "आल्या मॅडम" म्हणायच्या. शिवाय काकूंचे यजमान बाबांचे सुपरवायझर. उद्या त्यांनी बाबांना काही सुनावलं तर?

काकू शेवटपर्यंत पोचल्या. त्यांनी ताईच्या हातावर तिळाची वडी ठेवली, रडणाऱ्या पोराला द्यावी तशी, आणि त्या परत फिरल्या. ताईने वडी खाल्ली नाही. ती उठली, अजून मागे सरकली. मागे आता सतरंजी संपली होती. ती उंबऱ्याजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी बसली आणि तिने पुन्हा डोळे मिटले. एका हाताने तिने कपाळावरचे केस वर धरून ठेवले होते.

काकूंनी तबक खाली ठेवलं. "चला, झाल्या सगळ्या," म्हणत त्या वाणाचं ताट आणायला निघाल्या.

मी उभी राहिले. माझाच आवाज मला चिरका ऐकू आला.

"काकू, ताईला कुंकू लावायचं राहिलंय. ती मघापासून रांगेतच आहे."