दस्त्यावरच्या सात खाचा

विमलाने पॉलिश केलेल्या कपाटावरून माशी घसरते, असं बुरोंडीच्या रस्त्यावरच्या सगळ्या वाड्यांमधून बोललं जायचं. विमलाने ते कधी नाकारलं नाही. उलट, "दोन घसरलेल्या तर मीच बघितल्या," अशी भर ती स्वतः घालायची.

तिचा नवरा मुंबईला फर्निचरच्या कारखान्यात होता. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. त्यामुळे गावातली सुतारकी सासऱ्यांकडून, म्हणजे गुणाजी सुताराकडून, थेट सुनेच्या हातात आली होती. गुणाजी फार कमी बोलायचा. लग्नानंतर महिन्याभराने त्याने तिला एक पाट घासायला दिला, संध्याकाळी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "उद्या दुसरा घे." तिला मिळालेली शाबासकी काय ती एवढीच. त्याला जाऊन आता पंधरा वर्षं झाली होती.

नवरात्र बसायच्या आधी भागोजी शिगवण टॉवेलात काहीतरी गुंडाळून तिच्या पडवीत आला. शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली, आज्यापासून चालत आलेली ठासणीची बंदूक वाडीत त्याच्याकडेच होती. दसऱ्याला ती देवळात पाटावर मांडली जायची आणि भागोजी दर वर्षी तिची कथा सांगायचा.

"नळी आणि चाप घरात कुलपात हाय वयनी. कायदा तो कायदा. ह्यो नुसता लाकडी दस्ता." त्याने टॉवेल सोडला. दस्ता मानेपाशी चिरफाळला होता. "सांधून दे, आणि असा चकचकीत कर की मुंबयवाल्यांचे डोळे दिपले पायजेत."

"तुटला कसा?"

"माळ्यावरून पडला," भागोजी विहिरीकडे बघत म्हणाला. मग घाईने त्याने दस्त्याच्या कडेवरच्या सात खाचांवर बोट ठेवलं. "ह्या मात्र बुजवू नको हां. एकेक खाच म्हंजे एकेक बिबटा. आज्यानं मारलेला."

"वाडीत कोणाला ठाऊक नाय ते?" विमला म्हणाली. ही कथा तिने तीस-पस्तीस दसऱ्यांना ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी तिने काम काढलं. वरून हिरवा ऑइलपेंट होता. कधीतरी खिडक्या रंगवून उरलेल्या रंगाचा हात कोणीतरी दस्त्यावर मारला होता. तो तिने फुटक्या काचेच्या धारेने खरवडला. त्याखाली धुराचा आणि तेलाचा बोटभर थर. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता पुसता चार फडकी काळी झाली, तेव्हा कुठे आतलं शिसवी लाकूड दिसायला लागलं. चेपलेल्या जागी ओलं फडकं ठेवून तिने वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेने लाकूड फुगून वर आलं.

मग मान साफ केली, तर तिथे बांबूच्या खुंट्या. एक, दोन, तीन... सात. सगळ्या आठकोनी. आठकोनी खुंटी या पंचक्रोशीत एकच माणूस तासायचा. म्हणजे हा दस्ता याआधी सात वेळा तुटला होता आणि साती वेळा तिच्या सासऱ्यानेच सांधला होता.

"मामंजी, तुम्ही कधी बोलला नाय ते," ती पुटपुटली. तिने दस्ता उताणा केला. नळी बसते त्या पन्हळीत धूळ होती. दाढीच्या ब्रशाने ती झाडली, तर पेन्सिलीची अक्षरं. सासऱ्याचंच तिरपं, कंजूष अक्षर:

"धोंडजी शिगवण कशाला बघून बंदूक टाकून पळाला, त्याची यादी. १ डुक्कर. २ डुक्कर. ३ भिवा गोरिवल्याचा रेडा. ४ डुक्कर. ५ त्याच रेड्याचं रेडकू. ६ स्वतःची सावली. ७ बायको. दर खेपेस बाहेर एक खाच केली आहे. गुणाजी सुतार."

धोंडजी म्हणजे भागोजीचा आजा. विमला इतकी हसली की हातातला चहा दस्त्यावर सांडता सांडता राहिला. वीस वर्षं ज्या माणसासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, तो माणूस असा होता!

भागोजी रोज संध्याकाळी काम बघायला यायचा. विमला सांध्यात आठवी खुंटी ठोकून, तळहाताने जवसाचं तेल जिरवत बसलेली असायची.

"भाऊजी, तिसरा बिबटा कुठं मारला होता?" तिने एकदा विचारलं.

"तिसरा? गोरिवल्याच्या कुंपणात! असा अंगावर आला, फुसफुसत!"

"फुसफुसत?"

"मग? नाकातून फेस!"

"आणि शिंगं?"

"बिबट्याला कुठची शिंगं गे?"

"नाय, फेस बोललात म्हणून विचारलं." विमला मान खाली घालून तेल चोळत राहिली. तिचे खांदे का हलतायत ते भागोजीला समजेना. त्याला वाटलं, बाई भ्यायली. मग त्याने सातवा बिबटाही सांगितला. तो म्हणे सगळ्यांत क्रूर होता, घरात शिरला होता आणि आज्याला परसातल्या माडावर चढावं लागलं होतं.

शेवटचा हात लाखेच्या पॉलिशचा दिला, तेव्हा दस्ता जांभळासारखा चमकायला लागला. पन्हळीला तिने काहीच लावलं नाही. फक्त कानावरची पेन्सिल काढून सासऱ्याच्या यादीखाली लिहिलं: "८". पुढची जागा कोरी ठेवली.

दस्ता देताना ती म्हणाली, "नळी बसवताना राहीला बॅटरी धरायला सांगा. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं हाय."

राही म्हणजे भागोजीची बायको. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावतच आली, पडवीत बसली आणि तोंडात पदर कोंबून नुसती गदगदत राहिली.

"विमले," शेवटी तिला बोलता आलं, "आठ नंबर मी भरला."

"काय लिवलंस?"

"वानर! काजूच्या झाडावर बसला होता. ह्यांनी नेम धरला, तर त्यानं नुसते दात दाखवले. ह्यांनी बंदूक कातळावर टाकली आणि पळाले थेट न्हाणीत! कडी लावून बसले! मी बाहेरून विचारतंय, अवो, बाहेर येताय काय, तर आतून म्हणतात, वानर गेला काय ते तूच बघून सांग!"

दोघी हसत असतानाच भागोजी फाटकात उभा राहिला. चेहरा पडलेला.

"वयनी, आतलं घासून टाक."

"मामंजींचं अक्षर हाय भाऊजी. त्याला मी पॉलिशपेपर लावणार नाय."

"मग आठवा आकडा तरी?"

"तो तुमच्या घरातला हाय. माझा काय संबंध?"

"बिबटे दोन तरी ठेवू दे," भागोजी जवळजवळ रडकुंडीला आला.

"मी कोण ठेवणार? सांगा की खुशाल. राही पहिल्याच रांगेत बसते."

दसऱ्याला देऊळ भरलं. पाटावर बंदूक अशी लखलखत होती की मुंबईहून आलेल्यांनी मोबाइल काढले. भागोजी उठला. समोर राही, तिच्या शेजारी विमला. त्याने एकदा खाचांकडे बघितलं, एकदा बायकोकडे. घसा खाकरला.

"आमचा आजा," तो म्हणाला, "लई हुशार मानूस. सात वेळा हत्यार टाकलं, पन जीव नाय टाकला. म्हनून मी तुमच्यासमोर हुबा हाय." आणि त्याने रेड्याची गोष्ट सांगितली. मग रेडकाची. सावलीच्या गोष्टीला पुजारी हसून हसून खाली बसला. सातवी गोष्ट आली तेव्हा बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. वानराचं मात्र त्याने नाव काढलं नाही. राहीने खाकरून पाहिलं, पण त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

इतका हशा त्याला जन्मात मिळाला नव्हता. दिवाळीपर्यंत वाडीत जो भेटेल तो "भागोजीभाऊ, रेडा सांगा" म्हणायला लागला. रेडाही वाढत गेला. रेशनच्या दुकानात विमलाने ऐकला, तेव्हा त्याची शिंगं दोन हात झाली होती आणि त्याने भिवा गोरिवल्याचं अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं.

"वयनी, सांग ह्यांना," भागोजीने तिलाच साक्षीला ओढलं. "लिवलंय का नाय आत?"

"लिवलंय तर," विमला पिशवी पुढे करत म्हणाली. "शिंगं अडीच हात लिवलीत. तुम्हीच कमी सांगताय."