पाणीकाकांची बोटं

पाणीकाका बरणीत दोन बोटं बुडवायचे, अंगठ्यावर चोळायचे आणि म्हणायचे, "आज साडेअकरा." मग हात पुसून पाण्याचा अल्कपणा, म्हणजे पीएच, मोजणारं मीटर लावायचे. मीटरही तेवढंच सांगायचं, फार तर एखाद्या दशांशाचा फरक. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरला की पाणी बुळबुळीत लागतं. चुना जास्त, तर आकडा मोठा. तीस वर्षं तंबाखू मळलेल्या माणसाला चुना कळणारच, असं आम्ही पीएच.डी.वाले हसून म्हणायचो. लॅबचे रबरी हातमोजे त्यांच्या खिशात घडी घालून असत आणि फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर पडत.

ते आमच्या कॉलेजच्या काँक्रीट लॅबमध्ये अटेंडंट होते. कात्रजपलीकडच्या, आता शहरात आलेल्या एका गावचे. मुद्दाम भेगा पाडलेल्या माझ्या सिमेंटच्या चकत्या चोवीस बरण्यांत बुडवून ठेवल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी रजिस्टरात आकडा टिपून पाणी बदलायचं, हे काम काकांचं. मी एसीत बसून संगणकावर गणित मांडत होते: भेग पडलेल्या सिमेंटमधून पाणी किती वर्षांत किती चुना धुऊन नेईल. लक्ष्मीपूजन सोमवारी आलं तेव्हा मी म्हटलं, "काका, राहू द्या एक दिवस." ते म्हणाले, "सिमेंटाला कुठं सुट्टी हाय, ताई?" आणि आले.

तीन महिन्यांनी भेगाळ चकत्यांचे आकडे उतरायला लागले. माझ्या गणिताप्रमाणे ते चढेच राहायला हवे होते. काकांना विचारलं, तर त्यांनी एक चकती उजेडाला धरली. "भेगंला खपली धरतीया, ताई. चुना आतच अडकतोय."

"काका, सिमेंटला खपली धरत नाही," मी म्हणाले. चकती हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही.

दीड वर्षाच्या नोंदी झाल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख बघितला आणि त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "तुमचं गणित आणि काकांच्या बरण्या, दोघांपैकी एकाला घरी पाठवा." मला प्रबंध द्यायचा होता. पुढची नोकरी जवळजवळ ठरली होती. मी म्हणाले, "सर, काका मीटर लावतच नाहीत. बोटं बुडवून आकडा लिहितात."

हे खोटं होतं. आधी बोटं आणि मग मीटर, हे मी दीड वर्ष दर सोमवारी-गुरुवारी पाहिलं होतं.

काकांना मेमो मिळाला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना परीक्षा विभागात बाकं लावायला पाठवलं. प्रबंधात मी एक ओळ लिहिली: तिसऱ्या महिन्यानंतरच्या नोंदी अविश्वसनीय असल्याने वगळल्या आहेत. जाताना ते रजिस्टर द्यायला आले. "ताई, मी मीटर लावायचो. तुम्ही पाह्यलंय." मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. "मला आठवत नाही, काका," म्हणाले.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. मध्यंतरी माझ्या एका विद्यार्थिनीने जुनी चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भेग पांढऱ्या स्फटिकांनी गच्च भरलेली. बाहेर पडणारा चुना हवेतून पाण्यात उतरलेल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून भेगेतच बसला होता. भेग हळूहळू बुजते असं धरून गणित नव्याने मांडलं आणि काकांच्या वगळलेल्या नोंदी त्यावर टाकल्या. जवळजवळ प्रत्येक नोंद रेषेवर बसली. आनंद व्हायला हवा होता. मला मान वर करवेना.

पुढच्या रविवारी स्वारगेटहून बस धरली. काका दारात पिंपात पाणी भरत होते. थकले होते, पण ओळखलं लगेच. मी सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. ते नळी धरून ऐकत राहिले.

"म्हंजे खपली व्हती."

"होती, काका. माझं चुकलं."

"सायबांना सांगितलं?"

सर आता विभागप्रमुख आहेत. माझी बढती त्यांच्याच सहीची वाट पाहत आहे. "नाही अजून," मी म्हणाले.

काकांनी नळ बंद केला. आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आले. "पाणी घ्या, ताई. च्या पिऊ सायबांना सांगून आल्यावर."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पाणी प्यायले आणि निघाले.

याला दोन महिने झाले. सरांना द्यायचं पत्र लिहून झालं आहे. ते माझ्या खणात, काकांच्या रजिस्टरखाली ठेवलं आहे. चहा अजून व्हायचा आहे.