हळदीच्या बोटानं दिलेली केमिस्ट्रीची परीक्षा

काल दुपारी आमच्या धाराशिवच्या घरात दहावीची उजळणी जोरात चालली होती. पणती ईरा डोळे मिटून "ॲसिडमध्ये निळा लिटमस लाल, बेसमध्ये लाल लिटमस निळा" म्हणत येरझाऱ्या घालत होती... आणि मला एकदम जळकोटचं लग्न आठवलं. (हे टाइपही तीच करतेय. माझी नव्वदी कधीच उलटली, बोटं आता ऐकत नाहीत.)

तेव्हा निजामाचं राज्य. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि शाळेत सगळं उर्दू... केमिस्ट्रीसुद्धा! ॲसिडला म्हणायचं तुर्शा, बेसला असास. जळकोटच्या किराणा दुकानदाराचा मी धाकटा मुलगा, मॅट्रिकसाठी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, खोली घेऊन राहिलेला आणि आदल्या वर्षी केमिस्ट्रीतच गचकलेला.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला होता... यंदा पास झालास तर हैदराबादला कॉलेज, नाहीतर दुकानाची गादी. अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि त्यात काय व्हावं, तर थोरल्या भावाचं लग्न ऐन प्रॅक्टिकलच्या तोंडावर! अप्पांना पंचांग तेवढं दिसतं, टाइमटेबल दिसत नाही, म्हणून मी लई चिडलो. लग्न लागल्या लागल्या पुस्तक घेऊन माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी हळद उतरवायचा कार्यक्रम. नव्या वहिनीनं धाकट्या दिराला हळद माखायची असा आमच्या घरचा रिवाज होता. मी खाली येईना, तेव्हा बायकांनी बिचाऱ्या नव्या नवरीलाच वाटी देऊन वर पिटाळलं. वहिनींनी माझे दोन्ही हात आणि कपाळ पिवळंधमक केलं... पुस्तकाचं पानही बरबटलं.

मी असा काही डाफरलो की विचारू नका. घरात येऊन त्यांना एक दिवस झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण वाटी घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "भावजी, रागावू नका. चांगलंच होईल तुमचं."

संध्याकाळच्या मोटारीनं उस्मानाबाद गाठलं. शेजारच्या बाकावरचा बशीर माझी उजळणी घ्यायला मुक्कामालाच आला होता. उर्दू त्याच्या घरची, त्यामुळं तो एकेक व्याख्या समजावून सांगायचा आणि मी पोपटासारखा म्हणायचो. तुर्शा आंबट, असास बुळबुळीत, राखेच्या पाण्यात असास असतो, दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की एकमेकांचा जोर मोडतात... पाठ सगळं होतं, डोक्यात काहीच नव्हतं.

सकाळी नुसत्या पाण्यानं अंघोळ उरकली. आमच्यात कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. अव्वानं, म्हणजे आईनं, घरच्या शेणीच्या राखेचं भस्म पुडीत बांधून दिलं होतं. ते ओल्या बोटांनी ओढलं तर पांढरे पट्टे उमटायच्या ऐवजी तांबूसच उमटले! बशीर पोट धरून हसला. मी वैतागून कपाळ पुसलं आणि तसाच पळालो.

परीक्षक हैदराबादहून आलेले, पांढऱ्या दाढीचे. प्रयोग कसाबसा झाला, मग तोंडी सुरू झाली. त्यांनी विचारलं, समजा तू खेड्यात आहेस, लिटमस नाही, मग तुर्शा कुठला आणि असास कुठला हे कसं ओळखशील?

हे पुस्तकात नव्हतं. डोळ्यांसमोर दुकानाची गादी, गुळाच्या ढेपा आणि माशा. घाम पुसायला डावा हात वर नेला आणि बोटं दिसली. पिवळी. हळदीच्या कपाळावरचे सकाळचे तांबूस पट्टे आठवले, राखेचं पाणी आठवलं, आणि घोकलेलं सगळं एका क्षणात जागेवर जाऊन बसलं.

"साहेब, हळदीनं," मी म्हणालो आणि बोट पुढं केलं.

त्यांनी माझ्या बोटावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. बोट लाल! मीच विचारून त्यावर सिरका, म्हणजे व्हिनेगर, टाकला. बोट पुन्हा पिवळं! असासाचा जोर तुर्श्यानं कसा मोडला, ते मी माझ्या मोडक्यातोडक्या उर्दूत सांगितलं... पाठ केलेलं नव्हे, दिसलेलं सांगितलं.

परीक्षक दाढीतल्या दाढीत हसले. म्हणाले, "लिटमस घर से ही लगा के आए क्या मियाँ?"

माझ्यानंतर बशीरचा नंबर. त्यालाही तोच प्रश्न, आणि हळद तर मी वापरून टाकलेली. त्यानं बेधडक "जीभ" म्हणून सांगितलं. परीक्षकांनी हसत हसत त्यालाही सोडलं, पण चाखायची नाही अशी तंबी देऊन.

पास झालो. अप्पांनी शब्द पाळला, मी हैदराबाद पाहिलं. निकालाच्या दिवशी मी आधी वहिनींच्या पाया पडलो. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणीही परीक्षेला निघालं की वहिनी करंगळीला हळदीचा ठिपका लावायच्या. आता त्या नाहीत.

एवढं सांगून झाल्यावर ईरा स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, कंटाळली असेल. ती हळदीचा डबा घेऊन आली आणि करंगळी पुढं करून म्हणाली, "लावा."

बोटांनी ऐकलं नाही, ठिपका जरा मोठाच झाला... वहिनी, तुमची वाटी अजून रिकामी झालेली नाही.